सीएफ असलेल्या मुलाचा नेब्युलायझर घरी निर्जंतुक कसा करायचा: हिंगण्याच्या एका आईला सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगा सहा वर्षांचा, सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) आहे, सकाळ-संध्याकाळ श्वासनळ्या मोकळ्या करणारं सालब्युटामॉल आणि ३ टक्केवालं सलाईन, दिवसातून एकदा कफ पातळ करणारं डॉर्नेज, आणि यावेळी कफाच्या कल्चरमध्ये स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला म्हणून टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक पण सुरू झालं. डॉक्टर म्हणाले नेब्युलायझरचा, म्हणजे औषधाची वाफ देणाऱ्या मशीनचा, औषध टाकायचा कप स्टेराइल ठेवा, पण ओपीडीच्या गर्दीत कसा ठेवायचा ते राहून गेलं. घरी सासूबाई आरओचं पाणी गरम करून त्यात दोन थेंब डेटॉल टाकून कप विसळतात अन् ओट्यावरच्या फडक्याने पुसून डब्यात ठेवतात. तुम्ही विचारता की हे चालते का, रोज उकळावं लागते का, उकळून प्लास्टिक खराब नाही का होणार, आणि आपल्या नागपूरच्या उन्हात नुसतं ठेवलं तर जंतू मरणार नाहीत का.

मी चेस्ट फिजिओथेरपिस्ट आहे, लहान मुलांचंच काम जास्त करते, हे प्रश्न मला सतत येतात. सरळ उत्तर आधी देते: नाही चालत. प्रत्येक वापरानंतर साबणाने धुवायचं, मग निर्जंतुक करायचं, मग पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. आणि हे रोज निभावायचं असेल तर एका कपावर भागणार नाही, दिवसात जितक्या वेळा वाफ देता निदान तितके सेट घ्या. औषधं, लिक्विडं, मशिनी यांच्यावर पैसे घालण्याआधी जास्तीचे कप घ्या असं मी प्रत्येक घरी सांगते, का ते पुढे येईलच.

सासूबाईंना राग येऊ देऊ नका, त्या मनापासूनच करताहेत. पण सीएफमध्ये एवढ्याने भागत नाही. या मुलांमध्ये सीएफटीआर नावाच्या जीनमध्ये दोष असतो, त्यामुळे पेशीतून क्लोराइड अन् पाणी नीट बाहेर येत नाही आणि फुफ्फुसातला कफ घट्ट, चिकट होतो. आपल्या छातीत गेलेला जंतू कफासोबत वर येऊन निघून जातो, यांच्या छातीत तो तिथेच घर करतो. आणि नेब्युलायझरचं कामच मुळात असं की औषधाचे एक ते पाच मायक्रॉनचे बारीक थेंब करायचे म्हणजे ते खोलवर पोचतील. कपात जंतू असले तर तेही त्याच थेंबात बसून तितकेच खोल जाणार. म्हणजे आपणच सकाळ-संध्याकाळ पेरणी करून राहिलो.

कोणते जंतू? स्यूडोमोनास तर तुम्हाला माहीतच झाला, तो ओल्या जागेचा राजा, सिंकची जाळी, नळाचं तोंड, ओला स्पंज, सगळीकडे सापडतो. दुसरा बुर्खोल्डेरिया सेपेशिया, हा तर आधी कांदा सडवणारा म्हणून ओळखला गेला, १९५० मध्ये बुर्खोल्डर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं, आणि पुढे कळलं की सीएफच्या मुलांना तो फार भारी पडतो. याची खासियत सांगते, म्हणजे डेटॉल-सॅव्हलॉनवर माझा विश्वास का नाही ते समजेल: हा जंतू काही अँटिसेप्टिक लिक्विडांमध्येच जिवंत राहतो, वाढतो, आणि जगात अनेक हॉस्पिटलांत अशा दूषित बाटल्यांमधून इन्फेक्शन पसरल्याचं नोंदलेलं आहे. मग पाण्यात दोन थेंब टाकून काय होणार? वासाने आपलं समाधान होते, बस. शिवाय ते कपात राहिलं तर पोराच्या श्वासात जाते ते वेगळंच. तिसरे नॉनट्युबर्क्युलस मायकोबॅक्टेरिया, म्हणजे टीबीच्या जंतूचे भाऊबंद, हे नळाच्या पाण्यात असू शकतात आणि क्लोरीनला दाद देत नाहीत.

आता आरओचं पाणी. ते पिण्यासाठी ठीक आहे, पण निर्जंतुक नाही. आरओमधला कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, नंतर ते पाणी टाकीत साचून राहते, त्यात जंतू वाढायला अडवणारं काही उरत नाही. बाटलीतलं मिनरल वॉटर, बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर, हेही निर्जंतुक नाही. गीझरचं गरम पाणी तर अजिबात नाही.

तर धुण्यापासून सुरू करू, कारण अर्धं काम इथेच होते आणि इथेच सगळे घाई करतात. आधी हात साबणाने धुवा. वाफ संपल्या संपल्या कप उघडा, सगळे पार्ट सुटे करा, आतला छोटा तुकडा, ज्याला बॅफल म्हणतात, तोही. उरलेलं औषध फेकून द्या. एखाद्या छोट्या स्वच्छ टबात भांड्यांचं लिक्विड अन् पाणी घेऊन त्यात धुवा, सिंकमध्ये पार्ट मोकळे टाकू नका, ती जाळी म्हणजे स्यूडोमोनासचं माहेर. धुवायला नळाचं पाणी चालते कारण नंतर आपण उकळणारच आहोत. औषध वाळलं की आत पातळ थर धरते, त्या थराखाली जंतू लपतात अन् मग उकळण्याचा किंवा स्पिरिटचा परिणाम तिथपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून "रात्री एकदमच धुते" हे नको, लगेच जमत नसेल तर निदान सुटं करून साबणाच्या पाण्यात टाकून ठेवा, पण तेही तासन्‌तास नाही. ब्रश वापरत असाल तर तोही रोज उकळा, नाहीतर सिंकजवळ ओला पडलेला जुना टूथब्रश हीच घाण परत कपात नेतो. आणि हो, घरी बोअरचं पाणी वापरत असाल तर ते जड असते, कपावर पांढरे क्षार धरतात, धुवायला अन् उकळायला नळाचं किंवा आरओचं पाणी घ्या, इथे आरओचा तेवढा उपयोग आहे.

मग उकळणं. याच्यासाठी एक वेगळा स्टीलचा गंज (पातेलं) ठेवा, त्यात चहा नाही, दूध नाही, अंडी नाही. पार्ट पूर्ण बुडतील एवढं पाणी, पाणी खळखळून उकळायला लागलं की तिथून ५ मिनिटं मोजायची, गॅसवर ठेवल्यापासून नाही. पार्ट हलके असतात, वर तरंगतात, मग वरची बाजू कोरडी राहते, म्हणून वरून स्टीलची छोटी जाळी किंवा चाळणी दाबून ठेवा. तळाला प्लास्टिक टेकून वाकू नये म्हणून खाली पण एक जाळी असली तर बरं. गॅसवर ठेवून टीव्ही पाहायला जाऊ नका, मोबाईलला टायमर लावा, कितीतरी घरी पाणी आटून कप वितळलेत. ५ मिनिटं झाली की पाणी ओतून टाका, चिमटा पण त्याच पाण्यात उकळलेला असला पाहिजे, आणि पार्ट काढून वाळायला ठेवा. उकळल्यावर पुन्हा नळाखाली विसळायचं नाही! हे मी उद्गारचिन्ह देऊन लिहिते कारण चांगली शिकलेली माणसं उकळून झाल्यावर "चकचकीत" करायला नळाखाली धरतात आणि केलेलं सगळं वाया जाते.

नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशेच मीटर वर आहे, पाणी ९९ डिग्रीच्या आसपास उकळते, त्यामुळे ५ मिनिटंच पुरतात, जास्त उकळून प्लास्टिकचं आयुष्य कमी करू नका.

हे आकडे माझ्या मनाचे नाहीत. अमेरिकेच्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनच्या गाइडलाइन्समध्ये उष्णतेच्या पद्धती दिल्या आहेत: ५ मिनिटं उकळणं, पाण्यात बुडवून ५ मिनिटं मायक्रोवेव्ह, बाळाच्या बाटल्यांचा इलेक्ट्रिक स्टीम स्टेरिलायझर, किंवा ७० डिग्रीच्या वर ३० मिनिटं पाणी ठेवणारा डिशवॉशर. डिशवॉशर आपल्याकडे सोडून द्या. स्टीम स्टेरिलायझर मात्र फार कामाचा आहे, नोकरी करणाऱ्या आयांना मी तोच सांगते, बटन दाबलं की झालं, आपोआप बंद होतो, कप वितळायची भीती नाही. त्याच्या तळाला क्षार धरले की व्हिनेगरने तो साफ करा, पण व्हिनेगर कपाला निर्जंतुक करायला वापरू नका, त्याच्याने या जंतूंचं पुरेसं काही होत नाही. मायक्रोवेव्ह वापरायचा तर पार्ट पाण्यात बुडलेलेच पाहिजेत आणि कंपनीच्या कागदावर चालते असं लिहिलेलं पाहिजे. कुकर, शिट्टी वगैरे नको, त्या प्रेशरला आणि तापमानाला हे प्लास्टिक बनवलेलं नसते.

थंड पद्धती दोन आहेत, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५ मिनिटं बुडवणं किंवा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ३० मिनिटं. दोन्हींनंतर निर्जंतुक पाण्याने विसळावंच लागते, म्हणजे ५ मिनिटं उकळून झाकून थंड केलेलं पाणी. आता तुम्हीच सांगा, पाणी उकळायचंच आहे तर कपच उकळा ना! शिवाय आपल्याकडे मेडिकलमध्ये पेरॉक्साइड बहुतेक ६ टक्क्यांचं मिळते, ते पातळ करायची मोजामाप, उघडलेल्या बाटलीचा जोर कमी होतो, आणि अल्कोहोल गॅसच्या ओट्याजवळ म्हणजे आगीला आमंत्रण. हातावर लावायचं सॅनिटायझर तर चुकूनही नाही, त्यात ग्लिसरीन, सेंट असं काय काय असते. ब्लीचचं पाणी पूर्वी सांगत असत, २००३ च्या गाइडलाइनमध्ये ते होतं, नंतरच्या सुधारित आवृत्तीत काढून टाकलं. कोणाकडे जुना कागद असेल तर तो फेकून द्या.

तुमचा प्लास्टिकचा प्रश्न बरोबर आहे. मेडिकलच्या दुकानात पातळ पिशवीत जो स्वस्तातला किट मिळतो, हिरवट मऊ मास्कवाला, तो मुळात थोडे दिवस वापरून फेकायचा असतो, उकळला की मास्क आकसतो, कपाची चूडी (झाकणाचे आटे) सैल होते, मग धूर कमी अन् वेळ जास्त. तो घेऊ नका. रियूजेबल, उकळता येणारा असं पाकिटावर किंवा आतल्या कागदावर स्पष्ट लिहिलेला कप घ्या. सहा वर्षांचं पोर माउथपीस तोंडात धरू शकते, थोडं शिकवावं लागते पण शिकते, त्याने औषध मास्कपेक्षा छातीत जास्त जाते आणि माउथपीस उकळायलाही सोपा. मेश नेब्युलायझर, म्हणजे बारीक जाळीतून औषध फवारणारा, असेल तर त्याची जाळी ब्रशने, टिशूने, बोटाने शिवायची नाही, आणि मायक्रोवेव्हमध्ये तर कधीच नाही. त्याच्या हँडसेटचा प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो, तो कागद पाहूनच.

नळी, म्हणजे कॉम्प्रेसरपासून कपापर्यंतची ट्यूब, ती धुवायची नाही अन् उकळायची पण नाही, आत पाणी अडकले की निघत नाही. वाफ झाल्यावर कप काढून दोन-चार मिनिटं मशीन नुसतं चालू ठेवा, आतली ओल उडून जाते. आत थेंब किंवा काळपट डाग दिसले तर नळी बदला. मशीनचा छोटा फिल्टर राखाडी झाला की बदला, आपल्याकडे रस्त्यांची कामं सुरू असली की तो महिनाभरात काळा होतो.

आता कोरडं करणं, यावर मी जास्त बोलते कारण सगळी मेहनत इथे वाया जाताना पाहिली आहे. उकळलेला कप ओलाच डब्यात बंद केला तर दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यात जंतूंना मस्त घर मिळते. ओट्यावरचं फडकं, नॅपकिन, साडीचा पदर, काहीच लावायचं नाही. स्वच्छ पेपर टॉवेल किंवा धुऊन इस्त्री केलेलं सुती कापड पसरा, पार्ट सुटे सुटे ठेवा, पाणी झटका, आणि हवेवर वाळू द्या, वरून माश्या-धूळ नको म्हणून बारीक जाळीचं झाकण घाला. स्वयंपाकघर, बाथरूम, सिंकच्या बाजूची जागा सोडून ठेवा. पूर्ण वाळल्यावरच स्वच्छ कोरड्या डब्यात.

आणि कूलर. मार्च ते जून आपल्या घरोघरी कूलर चालतो, आणि ज्या खोलीत कूलर तिथेच पोरगं झोपते, तिथेच कप वाळत असतो. कूलरची टाकी म्हणजे दिवसेंदिवस साचलेलं कोमट पाणी, ओली खस, ओला गारवा, आणि तेच पाणी वाऱ्यासोबत खोलीभर. कप कूलरसमोर कधी वाळवू नका, दुसऱ्या खोलीत ठेवा. जमलं तर सीएफच्या पोराच्या खोलीत कूलर लावूच नका, पंखा आणि परवडत असेल तर एसी. कूलरशिवाय भागतच नसेल तर टाकी रोज रिकामी करून घासून वाळवा, पाणी तसंच मुरत ठेवू नका, आणि तुमच्या डॉक्टरांशी यावर एकदा बोला. विषय निघाला म्हणून सांगते, या मुलांच्या घामातून मीठ फार जाते, पंचेचाळीस डिग्रीत ती पटकन गळून जातात, तेव्हा उन्हाळ्यात जास्तीचं मीठ किती द्यायचं तेही त्यांनाच विचारून घ्या.

ऊन चालते का, हा तुमचा प्रश्न. गच्चीवर कप ठेवला की तापतो, खरं आहे, पण कपाच्या आत, कोपऱ्यात, तेवढी उष्णता तेवढा वेळ टिकते याची काही खात्री नाही, धूळ बसते, प्लास्टिक पिवळं पडून तडकते. ऊन हे उकळण्याच्या जागी नाही. ऑनलाइन यूव्ही लाइटचे डबे मिळतात, तेही नको, प्रकाश जिथे पोचतो तिथेच काम करतो, कपाच्या वळणात सावलीच असते. पावसाळ्यात उलटं, काही केल्या वाळत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभरही ओल राहते, आणि इथेच जास्तीचे सेट कामी येतात.

तर सेटचा हिशोब. तुमच्याकडे सकाळी दोनदा-तीनदा आणि संध्याकाळी पुन्हा वाफ होते. डॉर्नेज दुसऱ्या कुठल्या औषधात मिसळायचं नसते, त्याला वेगळा कप ठेवा, टोब्रामायसिनलाही वेगळाच बरा. वापरला की लगेच साबणाने धुऊन बाजूला, पुढच्या वेळी दुसरा निर्जंतुक सेट, आणि दिवसभराचे सगळे सेट रात्री एकाच गंजात एकदम उकळायचे, सकाळपर्यंत कोरडे. पावसाळ्यात आणखी काही सेट जास्त असले की आजचे वाळेपर्यंत कालचे चालतात. नियम मोडला असं होत नाही, कारण प्रत्येक कप दोन वापरांच्या मध्ये धुतला, उकळला, वाळला, फक्त गॅस एकदाच पेटला. ज्या घरी एकच कप असतो तिथे सकाळच्या शाळेच्या घाईत दुसरी वाफ ओल्या, नुसत्या विसळलेल्या कपातच दिली जाते, दोष आईचा नाही, दिवसाला तास तेवढेच असतात.

औषधाकडेही पाहा. सलाईनची १०० मिलीची बाटली, त्यात सुई खुपसलेली, आठवडाभर फ्रीजच्या दारात, हे चित्र मला फार घरी दिसते. कप कितीही उकळा, अशा बाटलीतून घाण परत येणार. एका वेळेच्या छोट्या अँप्यूल, रेस्प्यूल घ्या, उघडलं की वापरा, उरलं की फेका. पुढे कधी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक सुरू केलं तर पावडर वाफेच्या अगदी आधीच मिसळायची, आधी करून ठेवायची नाही, अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००७ मध्ये यावर खास इशारा दिला होता. डॉर्नेज फ्रीजमध्ये, पण फ्रीझरमध्ये नाही.

शेजारच्या काकूंच्या नातवाला खोकला झाला म्हणून मशीन मागायला येतील, नाही म्हणा. वाईटपणा आला तरी चालेल. अगदी मशीन द्यावंच लागलं तरी कप-मास्क-नळी कोणालाच नाही, आणि घरात दोन मुलांना सीएफ असेल तर दोघांचे सेट वेगवेगळ्या रंगाच्या डब्यात.

मुंबईला दाखवायला विदर्भ एक्स्प्रेसने जाता ना, तेव्हा निघताना लागतील तितके वाळलेले सेट झिपच्या पिशवीत घ्या, वापरलेले दुसऱ्या पिशवीत, आणि डब्याच्या बेसिनमध्ये काही धुऊ नका. पोचल्यावर उतरलात तिथे गॅस मिळाला तर स्टीलच्या डब्यात गॅसवरच उकळा, इलेक्ट्रिक केटल लवकर आपोआप बंद होते, तिच्यावर भरवसा ठेवू नका.

स्यूडोमोनास आता निघालाच आहे तर एक काम या आठवड्यात करा: जुने कप, माउथपीस, नळी सगळं फेका आणि टोब्रामायसिन नव्या सेटने चालवा. ते साधारण २८ दिवसांचं असते, त्यानंतर पुन्हा कल्चर कधी करायचं ते डॉक्टर सांगतील. यानंतरही रियूजेबल कप कायमचे नसतात, साधारण सहा महिन्यांनी बदलायचे, आणि त्याआधीच चीर दिसली, चूडी सैल झाली किंवा रोज दहा मिनिटांत संपणारी वाफ वीस मिनिटं चालायला लागली तर लगेच. गांधीबागेत होलसेलला गेलात तर दुकानदाराला तीनच गोष्टी विचारा: कप उकळता येतो का आणि तसं कागदावर लिहिलंय का, नुसता कप सुटा मिळतो का, आणि तुमच्या कॉम्प्रेसरला तो बसतो का. मशीनचा मॉडेल नंबर मोबाईलवर फोटो काढून सोबत न्या, तो मागच्या बाजूच्या स्टिकरवर असतो.